पोलादपूरच्या वाडीत माणसं मोजायला गेले

आधीच सांगते, या प्रवासातून मी शहाणी होऊन आले असं कुणी समजू नका. जाताना एक गोष्ट कळत नव्हती, परत आले तेव्हा चार कळेनाशा झाल्या होत्या. पण तिकडं न गेलेल्यांना निदान काय कळत नाही एवढं तरी कळावं, म्हणून लिहायला बसलेय.

मी सांगोल्याची. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं आणि निवृत्त झाल्यावरही खोड गेली नाही. आमच्या शिक्षकमंडळासाठी एक छोटी पुस्तिका लिहायची ठरलं: एक जिल्हा घ्यायचा आणि त्याची माणसं नि घरं राज्याशी ताडून बघायची. मी रायगड घेतला. समुद्र आहे, डोंगर आहे, मुंबई शेजारी आहे, म्हटलं सोपं जाईल. कसलं सोपं! पनवेलच्या बाजूला जिल्हा फुगत चाललेला आणि पोलादपूर तालुका आटत चाललेला. राज्यात बायका पुरुषांपेक्षा कमी, या डोंगरात बायकाच जास्त. माणसं कमी होतायत म्हणावं तर घरं वाढतायत. आकड्यांकडं बघून बघून माझं डोकं उठलं. शेवटी वैजूला फोन केला. वैजू म्हणजे माझी डी.एड.ची मैत्रीण, लग्न होऊन महाडला गेलेली. ती म्हणाली, "कागद ठेव बाजूला आणि ये. पण लवकर ये. तुला दाखवायला एक बाई आहे वाडीवर, ताराबाई. अख्ख्या वाडीत ती एकटी उरलीय आणि येत्या रविवारी मुलगा तिला मुंबईला न्यायला येणार आहे. ती गेली की वाडी बंद."

वाडी बंद म्हणजे काय, दुकान आहे का ते? मी पिशवी भरली.

महाड

आंबेनळी घाटाबद्दल एवढंच सांगते की सकाळी खाल्लेले पोहे माझ्याजवळ राहिले नाहीत. पोलादपूरला उतरून तोंड धुतलं आणि महाडला पोचेपर्यंत पुन्हा माणसात आले.

वैजूच्या घरात शिरले आणि गोंधळाला सुरुवात झाली. खाली ऐसपैस हॉल, पण त्यात प्लास्टिकच्या चार खुर्च्या. फ्रिज वर, कपाटं वर, देवसुद्धा वर. मी विचारलं, "अगं, तुम्ही राहता कुठं? खाली की वर?"

"उन्हाळ्यात खाली, पावसाळ्यात वर," ती म्हणाली आणि भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर हात नेऊन दाखवला. "सावित्रीचं पाणी इथवर होतं, तो पूर आला तेव्हा."

आमच्याकडं पाण्याचा टँकर आला तर आम्ही घागरी घेऊन धावतो. इथं पाणी माणसांच्या मागं धावतं. आता हे घर एक धरायचं की दोन? वैजूला विचारलं तर म्हणाली, "जेव आधी."

जेवण मात्र झकास. वालाचं बिरडं, तांदळाची मऊसूत भाकरी, आमसुलाचं सार. तांदळाची भाकरी पहिल्यांदा हातात घेतली तर माझी मोडलीच. ज्वारीच्या भाकरीशी आम्ही दांडगाई करतो, तिला चालतं. हिला चालत नाही.

संध्याकाळी चवदार तळ्यावर गेलो. पायऱ्यांशी बसलेल्या एका आजोबांनी नातीला पाणी दाखवत हळूच काहीतरी सांगितलं आणि त्या पोरीनं पटकन पायातल्या चपला काढल्या. ज्या पाण्याला माणसांनी हात लावावा म्हणून माणसांना लढावं लागलं, ते हे पाणी. वैजू म्हणाली, "मार्चमध्ये ये. गावात मुंगीला जागा नसते. ओळख ना पाळख, लोक घरात घेतात, जेवू घालतात." म्हणजे मार्चमध्ये मोजलं तर महाड वेगळं, ऑगस्टमध्ये वेगळं. मग राज्याशी ताडायचं कुठलं?

हिरकणीवाडी

दुसऱ्या दिवशी कसलीशी सुट्टी होती, म्हणून रायगडच्या पायथ्याशी गेलो. रोपवेला ही रांग. मी गड चढले नाही, गुडघ्यांनी आधीच नकार कळवला होता. एका घराच्या पडवीत पिठलं-भाकरीची पाटी होती, तिथं बसले. आमचं पिठलं हरभऱ्याचं, पिवळंधमक. इथं कुळथाचंही करतात, ते मातकट रंगाचं. दिसायला गरीब आणि चवीला असं की मी दोनदा मागून घेतलं.

वाढणाऱ्या बाईंना विचारलं, "घर कुठंय तुमचं?"

"ह्येच की."

"मग आत ही मंडळी कोण?" आत पाचसहा तरुण गाद्यांवर लोळत होते.

"ती पुन्याची. सुट्टीच्या दिशी घर पावन्यांचं, आमी मागं गोठ्यात. येरवी आमचं."

"आणि गुरं?"

"गुरं इकली. म्हनून तर गोठा मोकला हाय."

मी वैजूकडं बघितलं. ती शांतपणे ताक पीत होती. तिला या गोष्टींची सवय आहे, माझा मात्र घास हातातच राहिला.

वाडीवर

वाडीचं नाव मी सांगणार नाही. बंद घरांचा पत्ता जगाला कशाला द्या. पोलादपूरहून उमरठच्या अंगानं जाऊन आणखी आत, असं समजा. गुरुवारी वैजूला शाळा होती (ती माझ्याहून धाकटी, अजून नोकरीत आहे), म्हणून तिनं मला नाझिमभाईंच्या जीपमध्ये बसवून दिलं. त्या भागात जायचं तर जीप हाच देव. जीपमध्ये माणसं दोन, मी आणि नाझिमभाई, बाकी सगळं सिमेंट.

"एवढं सिमेंट कुणाला?" मी विचारलं.

"घरं बांधतात मॅडम. स्लॅबची."

"राहतं कोण?"

"कोणी नाही. मुंबईला असतात."

"मग बांधतात कशाला?"

नाझिमभाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी श्वास का घेतात असं विचारलं होतं. "शिमग्याला, गणपतीला यायला नको? गावात घर नाही तर माणूस सांगणार काय, कुठला म्हणून?"

आमच्याकडं माणूस गाव सोडतो तेव्हा घर पडतं, आणि पडलेल्या घराकडं बघून आपण हळहळतो. इथं माणूस जातो आणि घर वाढतं. हळहळायचं कशाकडं बघून?

जीपला सिमेंट टाकायला दुसरीकडं वळायचं होतं, म्हणून मी खिंडीत उतरले आणि पायवाटेनं निघाले. दिवस कलला होता. खाली उतारावर वीसेक कौलारू घरं, मधे दोनतीन नवी, रंगवलेली. आणि जवळजवळ प्रत्येक घराच्या कौलांतून धूर निघत होता! निळा, संथ, संध्याकाळच्या स्वैपाकाचा धूर. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, वैजू काहीही बोलते. वाडी कुठं बंद पडलीय? चांगली भरलेली वाडी आहे, घरोघरी चुली पेटल्यात. मी तिथल्या तिथं हिशेबाला लागले, घरामागं चार माणसं धरली तरी बक्कळ झाली. पुस्तिकेतलं एक अख्खं पान मनात लिहूनही टाकलं.

पहिल्या घराशी पोचले. धूर होता, दार उघडं होतं. हाक मारली. आतून एक ठेंगणी, काळीसावळी, साठीपुढची बाई डोळे पुसत बाहेर आली. "बसा हां बाय, आलेच," म्हणाली आणि मागच्या दारानं गेली. मी बसले. कोणीच येईना. कंटाळून पुढच्या घरी गेले. तिथंही धूर. हाक मारली तर आतून तीच बाई! तेच लुगडं, तेच डोळे पुसणं. मला वाटलं, बहीण असेल. तिसऱ्या घरातूनही तीच निघाली तेव्हा मी दगडावर बसले. घाटात पोहे गेले ते गेले, आता डोकंही गेलं असं वाटलं.

"अवो बाय, धावता का माज्या मागं? आले म्हनले ना," ती म्हणाली. तिच्या कमरेला चाव्यांचा जुडगा होता, बोरमाळेएवढा. ही ताराबाई.

धूर

त्याचं असं आहे. या पट्ट्यात पाऊस असा कोसळतो की बंद घर दोन वर्षांत कुजतं. वाशांना भुंगा लागतो, भिंतींना वाळवी. रोज चूल पेटत असली की धुरानं लाकूड टिकतं. घरातली माणसं मुंबईला जाताना चावी मागं राहणाऱ्यांकडं ठेवतात, आणि मागं राहणाऱ्यानं आठवड्यातून एकदा घर उघडायचं, झाडायचं, चुलीत शेणी आणि निर्गुडीचा ओला पाला घालून धूर करायचा. शेणी म्हणजे आमच्या गवऱ्या. पूर्वी हे काम पाचसात बायका वाटून घेत. त्यांची मुलं एकेक करून त्यांना घेऊन गेली आणि जाताना प्रत्येकीनं आपल्या वाट्याच्या चाव्या उरलेलीच्या हातात ठेवल्या. उरता उरता ताराबाई उरली.

"सगल्यांची घरं राकता, आणि तुम्हाला काय मिळतं?" मी विचारलं. बघा, दोन दिवसांत माझीही जीभ वळली.

"मिलायचं काय त्यात? माजं घर बंद असतं तर त्येंनी नसतं का राकलं?"

तिला मी शिरगणतीवाली वाटले होते. वैजूनं काय निरोप दिला देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी, काळा चहा झाल्यावर, ती मला दारोदार घेऊन फिरली. "ह्ये गनपतचं. गनपत, बायको, तीन पोरं. ह्ये सखूचं. सखू, तिचा लेक, सून, नातू, नि सून पोटुशी हाय, ती पन धरा."

"पण मावशी, हे सगळे मुंबईला आहेत ना?"

"मंग? राह्यला हितंच हायत. तिकडं कामाला हायत."

"तीस वर्षं?"

"काम हाय ना तीस वर्स!"

माझ्या पुस्तकाप्रमाणं माणूस जिथं राहतो तिथं मोजायचा. ताराबाईच्या मते सगळे इथंच राहतात, फक्त घरी नसतात. तिची वाडी भरलेली होती आणि माझी रिकामी, आणि आम्ही दोघी एकाच वाडीत उभ्या होतो.

तिची गोष्ट मात्र सरळ होती. गेल्या पावसाळ्यात विहिरीच्या वाटेवर पाय घसरून ती पडली. वरच्या माथ्यावर म्हशी राखणारा बाबूदादा राहतो, तो संध्याकाळी खाली आला तेव्हा त्याला ती सापडली, दिवसभर भिजून गारठलेली. तेव्हापासून तिच्या मुलानं, संतोषनं, धोशा लावला होता. गुडघा आता वाकत नाही. चूल पेटवायला बसली की उठताना भिंत धरावी लागते.

"जावंसं वाटतं का तुम्हाला?" मी विचारलं.

ती नाचणीची भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "पोराला रातीची झोप येत नाय माज्या कालजीनं. मंग जायला नको?" मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "वाटत नाय गो बाय. पन बोलू नको त्याला."

भाकरीबरोबर भाजलेली सुकट होती. मी माळकरी घरातली, सुकटीच्या वासानं माझं नाक मिटलं. ती खदखदून हसली आणि माझ्यापुढं ठेचा सरकवला. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून जे पाणी काढलं, त्याला मी ठेच्याचंच म्हणत राहिले.

माजघरात तिचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. केवढं ते माजघर! आमच्या शाळेचा एक वर्ग मावला असता. कोपऱ्यात ती एकटी झोपायची आणि बाकीची शेणानं सारवलेली जमीन नुसती चमकत असायची. मुंबईकडं संतोषची खोली किती मोठी आहे विचारलं, तर म्हणाली, "हाय की. एक खोली नि मोरी. ती दोगं, तीन पोरं, नि सुनंचा भाव."

रात्री मी मनात भागाकार केला. इथं एक, तिथं सहा. घरं दोन. दर घरी साडेतीन. राज्याच्या आकड्यापासून फार लांब नाही की हो! म्हणजे कागदावर या मायलेकरांचं उत्तम चाललंय. मला ते गणित बरोबर आल्याचा राग आला. इतका राग मला चुकलेल्या गणिताचाही कधी आला नव्हता.

रविवार

शनिवारी तिनं सगळ्या घरांना शेवटचा धूर दिला. मी मदतीला गेले आणि पहिल्याच चुलीत फुंकर घालताना भुवई भाजून घेतली. दर घरातून निघताना ती उंबऱ्याला हात लावायची आणि मोठ्यानं म्हणायची, "येते रे." रिकाम्या घराला. मला रडू येत होतं आणि ती मला ओरडत होती, "पाला वला घाला बाय, सुका घालू नका!"

रविवारी सकाळी नाझिमभाईंच्या जीपमधून संतोष थेट अंगणात आला. चाळिशीचा, किडकिडीत, डोळे लालभडक. कारखान्यातली पाळी संपवून थेट गाडीत बसला होता. मला वाकून नमस्कार केला. "मॅडम, तुम्ही होता म्हणून बरं झालं. नायतर आये ऐन टायमाला पलटी मारते."

माथ्यावरून बाबूदादाही आला होता. ताराबाईनं कमरेचा जुडगा सोडून त्याच्या हातात ठेवला. तो ओशाळून म्हणाला, "वयनी, चाव्या संबालीन. पन धुराचं काय सांगू नका. मी दिसभर ढोरांच्या मागं."

"चाव्या तरी राक," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

मीही त्याच जीपनं खाली जाणार होते. गाठोडं जीपमध्ये चढलं. आणि इथं माझी मेली खोड आडवी आली. दोन दिवस डोक्यात तोच भागाकार फिरत होता, सहा आणि एक सात, सात आणि एक खोली. मी सहज विचारलं, "संतोष, सगळे मावता का हो तिथं? आईची झोपायची सोय कशी?"

"केली ना मॅडम, फुल सोय," तो उत्साहानं म्हणाला. "मी नाईट मागून घेतली. परमनंट. रात्री माझ्या जागेवर आये. सकाळी ती उठली की तिच्या जागेवर मी."

ताराबाई जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. "परमनंट म्हंजे?"

"म्हंजे रोज."

"रोज रातीचं काम?"

"हां."

"नि निजनार दिसाचा?"

"हां, मंग."

"दिसाचा पोरं असत्यात. टीवी असतो. तुजी बायको सैपाक करते तितंच."

"होतं गो आये. ॲडजस्ट होतं. महिना झाला, सवय करतोय. झोप काय, लागते कुटंबी."

ताराबाईनं त्याच्या लाल डोळ्यांकडं बघितलं. मग पायरीवरचा पाय खाली घेतला, गुडघ्याला हात लावून, सावकाश. बाबूदादापुढं तळहात पसरून म्हणाली, "बाबू, चाव्या आन हिकडं."

"आये!"

"परत पाली मागून घे. दिसाची. नि तू आत जा. नीज जरा."

"आये, येडी का तू? पडलीस परत म्हंजे? मी काय करू तिकडं?" तो ओरडलाच. त्याचा आवाज फाटला. "मॅडम, सांगा ना हिला!"

काय सांगणार होते मी? ती गेली तर हा झोपायचा नाही. ती राहिली तर पाय घसरायला विहीर तिथंच आहे. मी विचारलं नसतं तर दोघं एव्हाना घाटात असते. बरं केलं की वाईट केलं, देवाशपथ मला अजून कळलेलं नाही.

"गाडी थांबंल," ताराबाई म्हणाली. "जा."

तो चडफडत आत गेला. मी दारातून बघितलं. एवढं मोठं माजघर सोडून तो भिंतीला चिकटून आडवा झाला, गुडघे पोटाशी घेऊन, हात छातीशी बांधून, बाजूला कुणीतरी असल्यासारखा. बहुतेक डोकं टेकताक्षणीच झोपला. थोड्या वेळानं त्याचा एक हात जमिनीवर सरकत गेला. मग एक पाय. मग दुसरा. होता होता तो पुरता उताणा झाला, हातपाय चारी दिशांना टाकून, आणि घोरायला लागला.

ताराबाई उंबऱ्यावर बसून त्याच्याकडं बघत होती. मला हातानंच खुणावलं, बसा. माझी पोलादपूरची एसटी चुकणार होती. नाझिमभाईंनी मला बोलवायला हॉर्नवर हात ठेवला, तशी तिनं मान हलवून त्यांना नको म्हटलं. त्यांनी आत वाकून बघितलं, हात काढला आणि गाडी बंद केली.